कागदावरची छप्पन्न वर्षं

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कपडा धुतला आणि गप्प बसले. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. परत कशी आली, असं मनात आलं, पण विचारणार कुणाला? डोंबिवलीत आमच्या दोन खोल्या. कंपनीतून रिटायर झाल्यापासून हे दिवसभर घरातच असतात. मुलगा नितीन, सून प्राजक्ता, असे आम्ही चौघं. असलं काही बोलायला घरात जागा नाही, आणि जागा असती तरी मी बोलले नसते.

अडीच महिने लपवलं. जुन्या साडीचे तुकडे वापरायचे, स्वतः धुवायचे, गॅलरीत परकराच्या आड वाळत घालायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ही वही कुणाला वाचून दाखवायची नाही. पण माझ्यामागे कपाट आवरताना एखादीच्या हाती लागली आणि तिलाही असंच काही होत असलं, तर तिने पहिल्याच दिवशी सांगावं. मुख्य म्हणजे सांगताना खरं सांगावं. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे.

प्राजक्ताने ओळखलं

ती म्हणाली, "आई, तुम्ही हल्ली सोफ्यावर का बसत नाही?"

"खाली बरं वाटतं."

"महिनाभर खाली बरं वाटतंय? पाठ दुखते म्हणून तुम्हीच सोफा घ्यायला लावलात ना नितीनला."

तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच विचारलं, "आई, अंगावरून काही जातंय का?"

मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही. कुणीतरी विचारलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथे बाहेरच एक मुलगी कॉम्प्युटरवर सगळं विचारून घेते. मागे पाच-सहा माणसं बसलेली, त्यात दोन पुरुष. तिने मोठ्याने विचारलं, "ब्लीडिंग किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, "आठवडा झाला."

तिने आठवडा असं टाकलं. प्राजक्ता माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुढे वाकून सांगितलं, "अडीच महिने लिहा. आठवडा नाही." ती मुलगी वैतागली. "नक्की काय ते सांगा ना मावशी. तुम्ही सांगाल तेच आत जाणार."

तेव्हा मला त्या वाक्याची फक्त लाज वाटली.

ठाण्याला

डोंबिवलीच्या बाईंनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या मॅडमनी आम्हा चौघांना खुर्च्या दिल्या. चौघांना खुर्च्या दिल्या तेव्हाच मला कळलं. साध्या आजाराला एवढ्या खुर्च्या देत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "गर्भपिशवीचा कॅन्सर आहे. लवकर सापडलाय असं वाटतंय. पिशवी काढायची. पुढचं रिपोर्ट बघून ठरवू."

हे म्हणाले, "म्हणजे नक्की तोच?"

"हो काका, नक्की."

यांनी रिपोर्टची पिशवी घेतली, तिची घडी घातली, परत उघडली, परत घडी घातली. त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं म्हणून मी मॅडमच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

येताना शीळफाट्याला गाडी अडकली. तासभर तरी अडकलो असू. शेवटी हे म्हणाले, "घरी जाताना दूध घ्यायचंय." प्राजक्ता बाहेर बघून रडत होती आणि तिने माझा हात धरला होता. लग्न होऊन आल्यापासून तिने नमस्काराशिवाय मला हात लावला नव्हता. तिला आणखी रडू येऊ नये म्हणून मी रडले नाही. मला मरणाची भीती वाटत होती, ती मी खिडकीच्या काचेकडे बघत गिळली.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनचं काही आठवत नाही. त्यानंतरचं आठवतं. उजाडायच्या आधी सिस्टर येऊन काखेत थर्मामीटर खुपसायची. मग झाडूवाली, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका. त्यातले निम्मे माझ्याकडे न बघता फायलीकडे बघायचे. लघवीची नळी लावलेली, पिशवी खाटेला लटकलेली आणि येणारा-जाणारा ती बघणार. त्या पिशवीवर मी टॉवेल टाकून ठेवायचे. सिस्टर तो काढायची. मी परत टाकायचे. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच टॉवेल नीट घातला आणि हसली. तिचं नावही मला माहीत नाही.

हे रोज यायचे. बोलायचे काही नाहीत. डबा द्यायचे, खुर्चीवर पेपर वाचायचे, आणि मी झोपले असं समजून माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करायचे.

हिरवी पट्टी

तीन आठवड्यांनी काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट आला. मॅडमच्या शेजारी एक तरुण डॉक्टरीण बसली होती. ती माझ्या फायलीतलं बघून कॉम्प्युटरमध्ये एकेक भरत होती आणि भरता भरता वाचत होती. गाठ केवढी, किती खोल गेली, आणखी कुठे पसरली का. वय छप्पन्न, हे तिने भरलं नाही, ते उपचाराच्या सरकारी कार्डावरून आपोआप आलं. मग तिने बटण दाबलं आणि हिरवी पट्टी आली.

"रेडिएशनचा शेक नको," ती म्हणाली. "नुसतं तपासणीला यायचं."

नितीन उठून उभाच राहिला. "म्हणजे झालं? सुटलो?"

"काठावर आहे तसं," ती म्हणाली. "खोली थोडी जास्त आहे. पण साठच्या आत आहेत ना आजी, म्हणून नको म्हणतोय. साठच्या वर असत्या तर द्यायला लागला असता."

मॅडमनी रिपोर्ट परत वाचला, मान डोलावली आणि दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

सगळे हसत होते. नितीनने जिन्यातूनच फोन लावायला सुरुवात केली. घरी शेजारणी आल्या, पेढे आले, एकीने माझी दृष्ट काढली. मी पेढा तोंडात धरून बसले होते.

माझं वय छप्पन्न नाही.

माझं माहेर खडवलीच्या पुढचं. आमच्या घरात मुलीला शाळेत घालायची पद्धत नव्हती. धाकटा भाऊ दत्तू शाळेत जायला लागला तेव्हा तो एकटा जाईना, रडायचा, म्हणून बापाने मला त्याच्याबरोबर धाडलं. गुरुजींनी दोघांची नावं एकाच दिवशी लिहिली. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. तेव्हा गुरुजी सगळ्यांना एक जून लावायचे, तशी आम्हाला लावली आणि सालही दोघांना एकच लावलं. कागदावर आम्ही जुळे आहोत. मी वर्गात सगळ्यांत उंच. मला मागे बसवायचे आणि पोरं म्हणायची, "ही गुरुजींची आई आली." तिथपासून मला चारचौघांत बोलायची भीती बसली, ती आजपर्यंत आहे. दत्तू चौथी पास झाल्यावर तो पुढे एकटा जाऊ लागला. मग माझी शाळा संपली.

पुढे त्याच दाखल्यावर रेशनकार्ड, त्यावर आधार, त्यावर उपचाराचं सरकारी कार्ड. चूक कुणीच मुद्दाम केली नाही. माझं वय कधी कुणाला लागलंच नव्हतं.

नऊ दिवस

नऊ दिवस मी बोलले नाही. बोलायचं तरी काय? माझं खरं वय मलाच माहीत नव्हतं. आई गेली, बाप गेला. मी दत्तूपेक्षा मोठी एवढंच पक्कं. किती मोठी? तीन वर्षांनी असले तर एकोणसाठ. तो पेढा खरा. पाच वर्षांनी असले तर एकसष्ट. मग तो हिरवा रंग माझ्यासाठी नव्हता, दुसऱ्याच कुणा बाईसाठी होता. माझ्या आत काय उरलंय हे त्या कॉम्प्युटरला दिसत नव्हतं, त्याला नुसतं सांगितलेलं दिसत होतं. आणि मी सांगितलेलं काय, ते मला माहीत होतं. आठवडा.

दहाव्या दिवशी हे सकाळी चहा घेत होते तेव्हा मी सांगितलं.

यांनी कप खाली ठेवला. "अगं, तू काय बोलतेस कळतंय का तुला? कार्डावर ऑपरेशन झालंय. उद्या म्हणतील वय खोटं, कार्ड खोटं. पोराला खेटे घालायला लावणारेस?"

"पण खरंच मी मोठी आहे दत्तूपेक्षा."

"सगळे सुटलेले बघवत नाही का तुला? डॉक्टर म्हणतात नको, कॉम्प्युटर म्हणतो नको, आणि चौथी शिकलेली म्हणते पाहिजे." मग ते जे बोलले ते मला अजून लागतं. "आठवडा झाला, असं तूच सांगितलेलंस ना तिथे? तुझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

त्यांचं बरोबरच होतं.

प्राजक्ता आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, त्या आठवडा म्हणाल्या तेव्हा त्यांना लाज वाटत होती. आत्ता लाज सोडून बोलतायत. फरक आहे ना?" तिने परस्पर मॅडमची वेळ घेतली. हे आले नाहीत.

मॅडमनी विचारलं

मला वाटलं, रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि त्या तरुण डॉक्टरणीला म्हणाल्या, "आधी एकसष्ट घालून बघ."

तिने घातलं. पट्टी पिवळी झाली. शेक द्यावा.

"एकोणसाठ घाल."

हिरवी.

मॅडम हसल्या, पण खुशीतलं हसू नव्हतं ते. "बघितलंत? बाकी सगळं तेच आहे. गाठ तीच, बाई तीच. आत घातलेलं खरं की खोटं हे त्याला कळत नाही, ते मला बघायला लागतं. आता सांगा, भाऊ झाला ते आठवतं तुम्हाला?"

आठवतं. मी सांगितलं. आईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा घरची सगळी शेतावर होती, मला सुईणीला आणायला पाठवलं. ओढा ओलांडून दुसऱ्या पाड्यावर जायचं होतं. पाणी मांडीपर्यंत होतं. मी सुईणीला घेऊन आले. नंतर दत्तूला मीच कडेवर घेऊन फिरायचे.

"एकट्या गेलात? तीन वर्षांच्या पोरीला नाही पाठवणार कुणी," मॅडम म्हणाल्या. "पण चार-पाच वर्षांची जाईल कदाचित. तुमच्या पाड्यावर मुलं धीट असतात. भाऊ कुठे असतो? लावा फोन."

प्राजक्ताने फोन लावून टेबलावर ठेवला. दत्तू शेतावर होता, मोठ्याने बोलत होता.

"ताई? बरी हाय ना गं? पेढे खाल्ले मी तुझे!"

मॅडमनी विचारलं, बहीण किती वर्षांनी मोठी?

"दोन-तीन असंल. मोठी म्हणून मारायची मात्र दहा वर्षांनी मोठी असल्यासारखी."

"तुमच्या दोघांच्या मध्ये कुणी भावंडं?"

"नाय नाय. आम्ही दोघंच."

मी म्हटलं, "दोन होती."

फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "दोन काय?"

"मध्ये दोन होती, दत्तू. तुझ्या आधी. गेली. एक मुलगी होती, चालायला लागली होती. एक तान्हं गेलं."

"मला कधी कुणी बोललं नाय." त्याचा आवाज बारीक झाला होता. "ताई, तू पण नाय बोललीस."

"कुणी नावच काढायचं नाही घरात. आई रडायची."

मॅडम कागदावर काहीतरी मांडत होत्या. एक मूल, दुसरं मूल, मग दत्तू. "दोन असतील तर तुम्ही साठच्या खाली येतच नाही," त्या म्हणाल्या. "एकच असतं तर मला नक्की सांगता आलं नसतं." त्यांनी पेन ठेवलं. "शेक म्हणजे पाणी नाही, हे पण सांगते. जुलाब होतील, लघवीला जळजळेल, थकवा येईल. काहींना त्रास कायमचा राहतो. तो देऊन परत येणार नाही असं वचन नाही, आणि न दिला तर येईलच असं पण नाही. पण तुमचं ऐकल्यावर मला तो द्यावासा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी प्राजक्ताकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "तिच्याकडे नका बघू."

मी हो म्हटलं.

कार्ड रद्द झालं नाही. मॅडम म्हणाल्या, कॉम्प्युटरमधलं वय मला बदलता येत नाही, तिथे छप्पन्नच राहील, माझ्या कागदावर मी कारण लिहिते. त्यांनी एक पानभर लिहिलं. त्यात माझ्या आईची बाळंतपणं होती. माझी आई कुठल्याही कागदावर आली ती पहिल्यांदाच.

शेक

पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून. हे बरोबर यायचे, कारण नितीन-प्राजक्ताला कामाला जावं लागे. पण बोलणं बंदच होतं. रिक्षात माझ्या आणि त्यांच्यामध्ये डब्याची पिशवी असायची.

तिथे आधी भरपूर पाणी प्यायला लावतात. पोटातली लघवीची पिशवी भरलेली पाहिजे, तरच मशीन लावतात, म्हणून सगळ्या बायका मांड्या आवळून बाकावर बसलेल्या. विठ्ठलवाडीची एक जाडजूड बाई रोज म्हणायची, "कुणी हसवू नका गं, सगळ्या घागरी भरलेल्या आहेत," आणि मग तीच हसवायची. तिचे दिवस माझ्या आधी संपले. त्यानंतर बाक फार शांत झाला.

दारावरचा माणूस रोज नाव आणि वय विचारायचा. चुकीच्या बाईला शेक जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी मी एकसष्ट म्हटलं तर तो आत सोडेना. "आजी, इथे छप्पन्न आहे. तुम्ही त्याच ना?" त्यानंतर मी रोज छप्पन्न म्हणायचे आणि एकसष्टाचा शेक घेऊन यायचे.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले. रस्त्यात कपडे खराब झाले, एकदा नाही, तीनदा. यांनी रिक्षा थांबवली, माझ्याभोवती स्वतःचा टॉवेल धरून उभे राहिले, आणि तोंड दुसरीकडे केलं. तरी बोलले नाहीत. घरी आल्यावर ती साडी त्यांनीच धुतली. मला बादलीजवळ येऊ दिलं नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि मनात म्हटलं, हे सगळं मी स्वतःच्या तोंडाने मागून घेतलंय. शेक नसता घेतला तरी चाललं असतं का, हे आता कधीच कळणार नाही. परत काही उगवलं नाही तर ते शेकामुळे नाही उगवलं की मुळात उगवणारच नव्हतं, हे कोण सांगणार? मॅडमना विचारलं तेव्हा त्याही म्हणाल्या, "ते मला पण नाही कळणार."

शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. माझं पाणी पिऊन झालं होतं. हे समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि एकदम म्हणाले, "एक विचारू?"

किती दिवसांनी त्यांचा आवाज असा सरळ माझ्याकडे आला होता.

"विचारा की."

"ती दोन पोरं. तुझ्या आईची. तुला नक्की आठवतात ना गं?"

मुलगी आठवते. तिच्या पायात काळा दोरा होता, ती माझा परकर धरून चालायची. तिला नेलं तो दिवस आठवतो. तान्हंही आठवतं. झोळीत होतं, मी झोका द्यायचे, आणि एक दिवस झोळी रिकामी झाली. पण आमचं घर एकत्र होतं. आई आणि काकू, दोघींची बाळंतपणं मागेपुढे होत होती आणि झोळी एकच होती. ते तान्हं आईचं की काकूचं, हे मी त्या बाकावर बसून डोक्याला किती ताण दिला तरी मला सांगता येईना. मॅडमसमोर बोलले तेव्हा शंका आली नव्हती. ती यांनी विचारल्यावर आली.

"हो," मी म्हटलं. "दोन्ही आठवतात."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत होते.

"मग बरं झालं बोललीस," ते म्हणाले, आणि माझी रिकामी बाटली घेऊन पाणी भरून आणायला गेले.

शेक संपून आता सात महिने झाले. तीन महिन्यांची तपासणी झाली, सहा महिन्यांची झाली, दोन्ही चांगल्या आल्या. हे आता बोलतात, आधीपेक्षा जास्तच. शेजारी कुणी आलं की सांगतात, हिने स्वतःहून सांगितलं म्हणून वाचली. मी ऐकून घेते. त्या तान्ह्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.